नमुन्याचे माध्य आणि त्याची मर्यादा

रायपूरच्या गुढियारीतील एखादा व्यापारी पोत्यात पोकळ सळी खुपसून मूठभर तांदूळ काढतो व त्यातील कणीचे प्रमाण पाहतो. दुसऱ्या खेपेस ते थोडे निराळे भरते. एकाच आकाराचे नमुने पुनःपुन्हा घेतल्यास त्यांच्या माध्यांची जी विभागणी मिळेल, तिला ‘नमुना-वितरण’ म्हणतात. मूळ वितरण वेडेवाकडे असले, तरी त्याचे प्रमाण विचलन सांत आणि नमुने यादृच्छिक व पुरेसे मोठे असतील, तर हे नमुना-वितरण घंटाकृती प्रसामान्य वक्राच्या निकट जाते. लाप्लास यांनी १८१० साली मांडलेल्या या सिद्धांताला पुढे ‘केंद्रीय सीमा प्रमेय’ हे नाव मिळाले. नमुना चौपट केला, की माध्याचे विचलन निम्मे होते, चतुर्थांश नव्हे; अचूकता अशी महाग पडते.

परंतु प्रमेय आवर घालते ते केवळ यदृच्छेच्या चढउतारांना. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांतून दाखविले, की फार लहान तुकडे कापल्यास कडेची रोपे आत धरली जातात व उतारा फुगतो. देशात अन्नधान्याची टंचाई होती आणि उत्पादनाचे अंदाज अशा कापणीवर बेतायचे होते. तसले तुकडे हजारांनी वाढविले, तरी सरासरी त्या फुगीर आकड्याभोवतीच अधिक घट्ट बसते.