हायटस हर्निया आणि जिम : दोष वजनाचा नाही, दाबाचा

एंडोस्कोपीच्या अहवालात 'हायटस हर्निया' हे शब्द दिसले की घरातून हुकूम सुटतो, "आता ते जिम बंद!" यामागची काळजी खरी आहे, पण डोळ्यांसमोर असतो तो जांघेतला हर्निया. हा हर्निया वेगळा. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो आणि त्यातल्या छिद्रातून अन्ननलिका जठराकडे उतरते. ते छिद्र सैल पडलं की जठराचा वरचा भाग छातीकडे सरकतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या झडपेला श्वासपटलाचा जो आधार असतो तो मग ढिला पडतो, आणि पोटातला दाब वाढला की आम्ल वर येतं. सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये हा वर-खाली सरकणारा प्रकारच असतो. पन्नाशीनंतर तो बराच आढळतो आणि अनेकांना त्याचा काहीच त्रास नसतो.

गैरसमज : वजन उचलणं कायमचं बंद करायला हवं.

त्रास औषधांनी आटोक्यात असेल, तर डॉक्टरांना विचारून बहुतेकांना वजनांचा व्यायाम करता येतो. तो करायलाच हवा, असं माझं मत आहे. पोटाचा घेर कमी होणं हा जळजळीवरचा एक खात्रीचा उपाय आहे आणि उतारवयात स्नायू टिकवायलाही हाच व्यायाम लागतो. मात्र जठराचा मोठा भाग छातीत गेला असेल किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर कधी आणि किती उचलायचं हे सर्जननेच ठरवायचं.

गैरसमज : हलकं वजन घेतलं की झालं.

पोटातला दाब फक्त वजनाच्या आकड्यावर ठरत नाही. श्वास रोखून, दात-ओठ खाऊन उचललेलं वजन बेताचं असलं तरी दाब उसळतो. म्हणून उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. आणखी दोन-तीन वेळा सहज उचलता आलं असतं अशा बेताला सेट थांबवायचा. एका दमात जास्तीत जास्त किती उचलता येतं हे आजमावण्याचा नाद सोडलेला बरा.

शरीराची ठेवणही तितकीच महत्त्वाची. डोकं खाली आणि पाय वर असा डिक्लाइन बेंच हर्निया असलेल्याने टाळावा, कारण त्यात आम्लाला वर यायला उतारच मिळतो. लेग प्रेसमध्ये गुडघे पोटावर दाबले जात असतील, तर सीट मागे सरकवा. जड डेडलिफ्टऐवजी बसून किंवा उभ्याने करायचे प्रकार घ्या : लॅट पुलडाउन, केबल रो, डंबेल प्रेस, हलक्या वजनाचे स्क्वॉट्स. छातीसाठी पाठ उंच ठेवलेला इनक्लाइन बेंच बहुतेकांना मानवतो.

गैरसमज : पट्टा आवळला की पोट सुरक्षित.

उलट, पट्टा कमरेला आधार देतो तो पोटातला दाब वाढवूनच. हर्निया असलेल्याने तो करकचून बांधू नये.

गैरसमज : क्रंचेस केले की छिद्र बंद होतं.

पोटाच्या कुठल्याही व्यायामाने ते बंद होत नाही. क्रंचेस, मयूरासन आणि जोरजोराने केलेली कपालभाती यांनी अनेकांची जळजळ वाढते. पोट फुगवत घेतलेला संथ, खोल श्वास मात्र श्वासपटलाला बळ देतो आणि काही रुग्णांना त्याने आराम पडतो.

गैरसमज : गोळी घेतली की काहीही चालतं.

पॅन्टोप्राझोलसारखी गोळी आम्लाचं प्रमाण घटवते, जठरातले पदार्थ वर येणं थांबवत नाही. ती साधारणपणे जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. भरपेट जेवणानंतर दोन-तीन तास वजनांना हात लावू नका. शहरात रात्री नऊला जिम, दहाला जेवण आणि लगेच अंथरूण असा क्रम सर्रास दिसतो. जळजळीला याहून पोषक वेळापत्रक नाही. निदान जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, आणि डाव्या कुशीवर झोपा.

शेवटचा गैरसमज सगळ्यात घातक आहे : छातीत दुखतंय म्हणजे पित्तच असणार. घास अडकणं, रक्ताची उलटी, काळी शौच, कारण नसताना वजन घटणं यांपैकी काही असेल तर तपासणी लांबवू नका. व्यायाम करताना छातीत दाब आला, कळ हात-जबड्याकडे गेली, दरदरून घाम फुटला किंवा दम लागला, तर तिथेच थांबा. अँटासिड शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.