गळा ऐकू येईल असा हेडफोन

मराठी घरात गाणं ऐकणं ही बराच काळ एकट्यादुकट्यानं करायची गोष्ट नव्हती. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर शेजारपाजार जमायचा. पुढे रेकॉर्ड प्लेअर आला, तोही बाहेरच्या खोलीत, सगळ्यांत मिळून एक. हेडफोन या जगाबाहेरचा. तो असायचा आकाशवाणीच्या स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाच्या किंवा बोटीवरच्या तारायंत्रवाल्याच्या कानावर. त्याचा जन्मही संदेश ऐकण्यासाठीच झालेला. १९१० साली अमेरिकेतल्या युटा राज्यात नेथॅनिएल बाल्डविन या गृहस्थानं घरच्या स्वयंपाकघरात जोड्या बनवल्या आणि त्या अमेरिकी नौदलानं घेतल्या. घरी बसून स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठीचा हेडफोन मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी काढला तो १९५८ साली.

पण गाण्यात गळा शोधणाऱ्यांची खरी गोष्ट सुरू होते १९६८ पासून. त्या वर्षी जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनं एचडी ४१४ बाजारात आणला. पिवळ्या स्पंजाच्या गाद्या, किरकोळ वाटावा असा प्लास्टिकचा सांगाडा, आणि पाठ उघडी. तोवरचे हेडफोन मागून बंद असत. आवाज काढणाऱ्या पडद्यामागची हवा कानावरच्या बंद वाटीत अडकायची, आवाज तिथंच आपटून परत यायचा आणि गाणाऱ्याचा गळा कोंदट व्हायचा. वाद्यांच्या गदारोळात हे खपून जातं, एकट्या गळ्याच्या बाबतीत ते लपत नाही. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलेलो असतो, त्यामुळे त्यात जरा फरक पडला की कान लगेच नाराज होतो. पाठ उघडी केल्याबरोबर आवाज मोकळा झाला. आपल्याकडे त्या काळी परदेशी वस्तूंवर जबर आयात शुल्क होतं. असा हेडफोन दिसायचा तो परदेशाहून येणाऱ्या कुणा नातेवाइकाच्या बॅगेतूनच.

गळ्याला नेमकं काय लागतं, हे आपल्या पेटीवरच मोजून बघता येतं. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला धरला तर तो होतो साधारण १३९ हर्ट्झ. तिथून मंद्र पंचमापर्यंत उतरलं की १०४, तार पंचमापर्यंत चढलं की ४१५. बाईंचा षड्ज काळी चारला धरला तर २०८ आणि त्यांचा तार पंचम ६२३. म्हणजे तासाभराच्या ख्यालातले मूळ स्वर फार तर शंभर ते सव्वासहाशे हर्ट्झच्या आत मावतात. हेडफोनच्या खोक्यावर वीस ते वीस हजार हर्ट्झ असं मोठ्या दिमाखात छापलेलं असतं. गाणं ऐकणाऱ्यानं त्या आकड्याकडे बघूही नये.

मूळ स्वरांच्या वर त्यांचे उपस्वर असतात. गळ्याची ओळख, त्याचा गोडवा, त्यातली किंचित खर आणि तानपुऱ्याची जवारी, सगळं तिथं राहतं. त्यातही तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा पट्टा फार नाजूक. समोर बसून कुणी गात असेल तर आपल्या कानाची पाळी आणि नळी हा पट्टा आपणहून बराच उचलून धरतात. हेडफोन कानावर चढला की या नैसर्गिक रचनेत ढवळाढवळ होते. मग ती उचल हेडफोनलाच आपल्या पदरची द्यावी लागते. कमी दिली तर गायक पडद्याआड गेल्यासारखा वाटतो, जास्त दिली तर तोच गळा चिरका आणि नाकातला होतो. त्याच्या वर, पाच ते आठ हजारांत, स, श, च यांचे घर्षण. तिथं उंचवटा आला की शब्दप्रधान भावगीतात प्रत्येक स टोचायला लागतो. उत्तम आणि टाकाऊ हेडफोनमधला फरक पुष्कळदा एवढ्याच दोन जागांवर ठरतो.

सोनीचा वॉकमन १९७९ साली जपानमध्ये आला आणि ऐंशीच्या दशकात आपल्याकडे पोचला. त्याच्याबरोबर यायचा नारिंगी स्पंजाचा, पातळ पट्टीचा हलका हेडफोन. त्याला खर्ज जवळपास नव्हताच. मधला पट्टा मात्र मोकळा होता. याच दशकात कॅसेटनं शास्त्रीय गाणं घरोघर नेलं. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या प्रकाशकांनी ज्या मैफलींना तबकडीवर कधी जागा मिळाली नसती त्या लोकांच्या हातात दिल्या. कॅसेटची सरसर मागे असायची, तरी त्या हलक्या जोडीतून गळा समोर यायचा. आजच्या कितीतरी महागड्या ब्लूटूथ जोड्यांपेक्षा ते ऐकणं गाण्याला जास्त प्रामाणिक होतं, असं मला आजही वाटतं.

१९९१ नंतर आयात हळूहळू सैल झाली आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत स्टुडिओतले हेडफोन दिसू लागले. गुंडाळ्या केबलचा सोनीचा एमडीआर ७५०६ आणि व्हिएन्नाच्या एकेजीचा के २४० ही त्यातली नेहमीची नावं. ७५०६ ध्वनिमुद्रणातल्या चुका पकडण्यासाठी घडवलेला. ओठांचा चटका, मायक्रोफोनवर आलेली फुंकर, संपादनात राहिलेला जोड, सगळं तो निर्दयपणे दाखवतो. कामाला उत्तम, पण विलंबित एकतालातला बडा ख्याल त्यावर ऐकायला बसलं की अर्ध्या तासात कान शिणतो.

या साऱ्या प्रवासात माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट घडली ती १९९७ साली, सेनहायझरच्या एचडी ६०० च्या रूपानं. पाठ उघडी, वजन २६० ग्रॅम, इम्पिडन्स, म्हणजे विद्युतरोध, ३०० ओहम. नवा असताना तो कानशिलं आवळतो. पट्टीची धातूची बाजू अलगद ताणून थोडी सैल करावी लागते. खालचा खर्ज त्यात हळूहळू विरत जातो, हा त्यावरचा जुना आक्षेप खराच आहे. पण शंभर हर्ट्झपासून वर चार हजारांपर्यंत तो इतका सरळ चालतो की गायकाच्या आणि आपल्या मध्ये काही आहे हे विसरायला होतं. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं त्यावर ऐकावीत. क्षयातून उठल्यावर त्यांनी छोट्या, तुटक, धारदार फेकींची जी गायकी घडवली, तिच्यात श्वास हा गाण्याचाच भाग आहे. शेवटचं अक्षर सुटतं, मग इवलीशी पोकळी, त्यात तानपुरा वर येतो, मग श्वास आणि लगेच पुढचा हुंकार. ही पोकळी साफ ऐकू आली पाहिजे. मल्लिकार्जुन मन्सूर ऐकताना उलट अनुभव येतो. ते दम कुठं घेतात याचा माग काढत बसावं तर स्वराची रेघ तुटतच नाही, आणि त्यामागची ताकद अशा हेडफोनमधून प्रथमच नीट कळते.

२००३ मध्ये त्याचाच भाऊ एचडी ६५० आला, वरच्या बाजूला थोडा मवाळ. जुन्या तबकड्यांवर जीव असणाऱ्यांनी हाच घ्यावा, असं मी अनेकांना आग्रहानं सांगितलं आहे. केसरबाई केरकरांच्या ७८ गतीच्या तबकडीला एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. या गोव्याच्या गायिकेची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. ७८ गतीच्या काळातल्या मुद्रणात वरच्या टोकाला गाणं थोडं आणि सुईची खरखर फार. वरचा आवाज चढवणारा हेडफोन ती खरखर पुढं आणतो आणि केसरबाई मागे पडतात. शिवाय ही मुद्रणं मोनो. दोन्ही कानांत तेच वाजत असल्यामुळे गळा थेट डोक्याच्या मध्यभागी बसतो. काहींना त्यानं गुदमरल्यासारखं होतं. उघड्या पाठीच्या जोडीत हा त्रास पुष्कळ सुसह्य होतो.

त्यानंतरची दहाएक वर्षं गळ्याच्या दृष्टीनं वाईट गेली. २००८ च्या सुमारास अमेरिकेत मोठ्या खर्जाचे, चमकदार रंगांचे हेडफोन रस्त्यारस्त्यावर दिसू लागले आणि ती लाट इथंही आली. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात विक्रेत्यानं माझ्या कानावर जोडी ठेवली आणि म्हणाला, ‘‘काका, बेस ऐका, छाती हलते!’’ छाती खरंच हलली. मी भीमसेन जोशींचा अभंग लावायला सांगितला तर पखवाजाच्या घुमाऱ्यात त्यांचा मंद्र कुठल्या कुठे गेला. हा आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. खालचा मोठा आवाज त्याच्या वरचा लहान आवाज गिळतो, हा कानाचाच धर्म आहे. साठ ते दोनशे हर्ट्झ फुगवले की पुरुष गायकाचं निम्मं गाणं त्याखाली दबतं.

सुधारणा आली ती प्रयोगशाळेतून. हर्मन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२-१३ पासून श्रोत्यांना हेडफोनचं नाव कळू न देता ऐकवण्याचे प्रयोग केले. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात तसा वाजणारा हेडफोन बहुतेकांना आवडतो, असं त्यातून निघालं. तीन हजारांजवळची उचल हवी, हेही त्यात आलंच. तेव्हापासून स्वस्त जोड्यांचीही घडण सुधारत गेली. तबल्याच्या शाईवर बोट कसं पडलं हे दाखवणारे सपाट पडद्याचे, प्लेनर जातीचे हेडफोनही याच काळात फोफावले. पण त्यातल्या काहींचं वजन अर्ध्या किलोच्या घरात आहे, आणि सुरुवातीच्या काहींत गळा दोन पावलं मागे सरकलेला असायचा.

२०१६ साली आयफोनमधली हेडफोनची खाच गेली, पाठोपाठ इतर बऱ्याच फोनचीही, आणि बिनतारी जोड्या आल्या. तारेशिवाय आवाज बिघडतोच, असं मी म्हणणार नाही. बिघाड बहुधा जोडीच्या घडणीत असतो, आणि तो काही अंशी दुरुस्तही होतो. अशी बिनतारी जोडी घरात असेलच तर तिच्या अ‍ॅपमधल्या इक्वलायझरवर शंभर ते दोनशे हर्ट्झची पट्टी तीन-चार डेसिबलनं खाली ओढून पाहा. गायक एकदम पुढे येऊन बसतो. आवाज बेतानं ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. तिचा संबंध थेट गाण्याशी आहे, कारण कानाचं नुकसान होतं तेव्हा बहुधा वरचे स्वर आधी जातात, म्हणजे जवारी जाते, व्यंजनांची टोकं जातात.

आज घरी बसून गाणं ऐकण्यासाठी जोडी घ्यायची तर दुकानात जाताना आपल्या पुरत्या ओळखीचं एकच मुद्रण फोनमध्ये घेऊन जावं. ते मैफलीचं असावं, स्टुडिओतलं गुळगुळीत नको. खोली रस्त्यावर उघडत असेल, पंखा आणि रिक्षांचे हॉर्न दिवसभर असतील, तर उघड्या पाठीचा हेडफोन फुकट जातो, तिथं बंदच बरा. खोली शांत असेल तर एचडी ६०० आणि त्याची भावंडं यांना मला आजही पर्याय दिसत नाही. ३०० ओहमला फोनचा जोर पुरत नाही, म्हणून सोबत छोटा अ‍ॅम्प्लिफायर किंवा चांगल्यापैकी यूएसबी डोंगल धरूनच हिशेब करावा. गाद्या चपट्या झाल्या की कान पडद्याच्या जवळ जातो आणि गळ्याचा रंग बदलतो. त्या वेळेवर बदलाव्यात. सेनहायझरचा घरगुती विभाग २०२२ साली श्रवणयंत्रं बनवणाऱ्या सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला, तरी हे हेडफोन अजून बनतात. गाद्या सुट्या मिळतात, आणि १९९७ साली घेतलेल्या जोडीला आजची केबल बसते.