न्वार कादंबरीतील सूड आणि भूतकाळ : कॉर्नेल वूलरिच यांच्या ‘द ब्राइड वोअर ब्लॅक’ या कादंबरीच्या संदर्भात

प्रस्तावना

सूड हा कथावाङ्मयातील अतिप्राचीन विषय होय. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा पित्याच्या वधाचा सूड घेण्यासाठी रात्री पांडवांच्या शिबिरात शिरतो. शेक्सपिअरचा हॅम्लेट पित्याच्या खुनाचा सूड घ्यावा की नाही या विवंचनेत अडकतो. आगरकरांच्या ‘विकारविलसित’मुळे ही व्यक्तिरेखा मराठी वाचकाला एकोणिसाव्या शतकातच परिचित झाली. या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. अपराधी कोण, याविषयी अखेरपर्यंत संभ्रम राहत नाही. द्रोणाचार्यांचा शिरच्छेद धृष्टद्युम्नाने केला हे अश्वत्थाम्यास ठाऊक आहे. हॅम्लेटला पित्याच्या पिशाच्चाने अपराध्याचे नाव सांगितलेले आहे. तरीही तो त्यावर विसंबून न राहता नाटकाच्या प्रयोगाद्वारे त्याची पडताळणी करतो. म्हणूनच या कथांमधील मुख्य प्रश्न धर्माचा, कर्तव्याचा आणि मर्यादेचा आहे.

विसाव्या शतकातील न्वार कादंबरीने या जुन्या विषयाला वेगळे वळण दिले. सूड घेणाऱ्या व्यक्तीला भूतकाळ खरोखर माहीत असतो काय, असा प्रश्न तिने उपस्थित केला. प्रस्तुत लेखात अमेरिकन लेखक कॉर्नेल वूलरिच यांच्या ‘द ब्राइड वोअर ब्लॅक’ (१९४०) या कादंबरीच्या आधारे हा प्रश्न स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी कादंबरीचा शेवट येथे उघड करणे अपरिहार्य आहे.

न्वार : संज्ञा व स्वरूप

‘न्वार’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ काळा. मार्सेल द्युहामेल यांच्या संपादनाखाली १९४५ मध्ये पॅरिसच्या गालिमार प्रकाशनसंस्थेने ‘सेरी न्वार’ ही गुन्हेकथांची माला सुरू केली. पुढील वर्षी, १९४६ मध्ये, समीक्षक नीनो फ्रँक यांनी काही अमेरिकन चित्रपटांच्या संदर्भात ‘फिल्म न्वार’ ही संज्ञा वापरली. म्हणजे ज्या साहित्याला आज आपण न्वार म्हणतो त्यातील बरेचसे लेखन या संज्ञेच्या प्रसारापूर्वीचे आहे. डॅशिएल हॅमेट यांची ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) आणि जेम्स केन यांची ‘द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस’ (१९३४) ही त्याची ठळक उदाहरणे होत. १९२९ नंतरच्या आर्थिक महामंदीचा आणि महानगरी जीवनातील एकाकीपणाचा ठसा या साहित्यावर उमटलेला दिसतो.

पारंपरिक रहस्यकथेत गुन्ह्यामुळे बिघडलेली व्यवस्था गुप्तहेराच्या बुद्धीने पूर्ववत होते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड इत्यादी नायकांवर लुब्ध झालेल्या मराठी वाचकाला हा दिलासा चांगलाच परिचयाचा आहे. नायकाचा अंदाज चुकणार नाही, या विश्वासावर तेथे वाचक पान उलटतो. न्वार कादंबरी नेमका हाच विश्वास काढून घेते. तेथे गुन्ह्याचा उलगडा होतो, परंतु त्याने कोणाचेही दुःख हलके होत नाही. कित्येकदा उलगडा हाच सर्वांत मोठा आघात ठरतो.

लेखक आणि ‘काळी’ मालिका

कॉर्नेल वूलरिच यांचा जन्म १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे त्यांच्या बालपणाचा काही काळ वडिलांसमवेत मेक्सिकोत गेला. पुढे अनेक वर्षे ते आईसोबत न्यूयॉर्कमधील हॉटेलात राहत होते. ‘कव्हर चार्ज’ (१९२६) ही त्यांची पहिली कादंबरी गुन्हेकथा नव्हती. महामंदीच्या काळात ते स्वस्त नियतकालिकांसाठी रहस्यकथा लिहू लागले आणि १९४० मध्ये ‘द ब्राइड वोअर ब्लॅक’ प्रसिद्ध झाली. त्यानंतर शीर्षकात ‘काळा’ हा शब्द असलेल्या त्यांच्या आणखी पाच कादंबऱ्या १९४८ पर्यंत आल्या. आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘रिअर विंडो’ (१९५४) हा चित्रपट वूलरिच यांच्याच १९४२ मधील कथेवर आधारलेला आहे. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. आपली मालमत्ता त्यांनी लेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या साहाय्यार्थ कोलंबिया विद्यापीठास दिली.

लेखकाच्या एकाकी आयुष्याचे प्रतिबिंब त्याच्या साहित्यात शोधण्याचा मोह समीक्षकांना होतो. परंतु प्रस्तुत कादंबरीचे महत्त्व लेखकाच्या चरित्रापेक्षा तिच्या रचनेतून अधिक स्पष्ट होते.

कादंबरीची रचना

कादंबरीचे पाच भाग असून प्रत्येक भागाला एका पुरुषाचे नाव दिलेले आहे : ब्लिस, मिचेल, मोरान, फर्ग्युसन आणि होम्स. प्रत्येक वेळी एक अनोळखी स्त्री त्या पुरुषाच्या आयुष्यात निराळ्या रूपात प्रवेश करते. कोठे ती समारंभातील पाहुणी असते, कोठे लहान मुलाची शिक्षिका, तर कोठे चित्रकाराची मॉडेल. पहिला पुरुष उंच इमारतीवरून खाली पडतो, दुसऱ्यावर विषप्रयोग होतो. तिसरा कोंडलेल्या जागेत गुदमरतो. डायना या शिकारीच्या देवतेच्या रूपात चित्रासाठी उभी राहिलेली ही स्त्री चौथ्या पुरुषाचा बाणाने वेध घेते. प्रत्येक मृत्यूनंतर पोलीस तपासाचे प्रकरण येते. वँगर हा पोलीस अधिकारी वरकरणी असंबद्ध वाटणाऱ्या या मृत्यूंमधील धागा चिकाटीने शोधत राहतो.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे कृती आधी येते आणि कारण अखेरीस येते. ती हे सर्व का करीत आहे, हे वाचकाला दीर्घकाळ कळत नाही. त्यामुळे तो तिच्याकडे भयाने व कुतूहलाने पाहतो, परंतु तिचा पक्ष घेऊ शकत नाही. शेवटी कारण समजते. ज्यूली या नववधूच्या पतीचा, निक किलीनचा, विवाहविधी आटोपून बाहेर पडताच चर्चच्या पायऱ्यांवर मृत्यू झाला होता. त्याच वेळी मद्यधुंद मित्रांची एक मोटार तेथून भरधाव गेली होती. त्या मोटारीतील माणसांनाच ज्यूलीने पतीच्या मृत्यूस जबाबदार धरले, त्यांची ओळख पटवली आणि एकेकाचा माग काढला.

हे समजताच वाचकाच्या मनात तिच्याविषयी करुणा निर्माण होते. परंतु ही करुणा स्थिरावण्यापूर्वीच दुसरा उलगडा होतो. निकला मारणारा त्या मोटारीत नव्हताच. तो निकचा जुना गुन्हेगारी साथीदार कोरी होता. हा कोरी तिच्या सूडयात्रेत तिला प्रत्यक्ष भेटलेला होता आणि तिने त्याला जाऊ दिले होते. ज्यांना तिने मारले ते या खुनाबाबत निरपराध होते.

भूतकाळाचे दोन पदर

अनपेक्षित शेवट ही रहस्यकथेची रूढ क्लृप्ती आहे आणि हा शेवटही तशाच क्लृप्तीचा नमुना मानता येईल. तथापि त्यात एक गंभीर विचार सामावलेला आहे. कादंबरीत दोन भूतकाळ आहेत. पहिला ज्यूलीचा : चर्चच्या पायऱ्या, कोसळणारा पती आणि दूर जाणारी मोटार. हा भूतकाळ केवळ काही क्षणांचा आहे. पण तो तिच्या मनात इतका ठसला आहे की तिचे उर्वरित आयुष्य त्याच क्षणात गोठून जाते. दुसरा भूतकाळ निकचा आहे. तो दीर्घ, अप्रिय आणि पत्नीला न दिसलेला आहे. मृत्यूचे कारण या दुसऱ्या भूतकाळात होते. ज्यूली मात्र ते पहिल्यात शोधत राहिली.

तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. मोटार गेली होती, माणसे मद्यधुंद होती, पती मेला होता. चूक झाली ती या घटनांचा परस्परसंबंध जोडताना. दोन गोष्टी एकाच क्षणी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. तर्कशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात हा हेत्वाभास शिकवला जातो. मात्र शोकग्रस्त मनाला तो हेत्वाभास म्हणून जाणवत नाही. दुःख जितके तीव्र, तितकी मनाची खात्री पक्की. परंतु दुःखाची तीव्रता हा पुरावा नव्हे, हे या कादंबरीचे मर्म आहे.

येथे आणखी एक सूक्ष्म बाब दिसते. ज्यूलीच्या आठवणीतील निक हा निष्कलंक वर आहे. त्याच्या पूर्वायुष्यात मृत्यूचे बीज असू शकेल, ही शंका त्या प्रतिमेला बाधक ठरली असती. म्हणजे तिच्या निष्ठेनेच तिला योग्य प्रश्न विचारू दिला नाही. अपराधी बाहेरचा, अनोळखी आणि बेफिकीर असणे हे शोक करणाऱ्याला सोयीचे असते. आपल्या प्रिय माणसाच्या इतिहासातून अपराध उगवला, हे मान्य करणे त्याहून कितीतरी कठीण असते.

त्रुफो यांचे रूपांतर : एक तुलना

या विवेचनाची कसोटी पाहण्यासाठी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९६८ मध्ये केलेले चित्रपटीय रूपांतर उपयुक्त ठरते. जीन मोरो यांनी त्यात ज्यूलीची भूमिका केली होती. त्रुफो यांनी मूळ कथेतील निर्णायक बाब बदलली. चित्रपटातील पाच पुरुष समोरच्या इमारतीत बंदुकीशी निष्काळजीपणे खेळत असताना गोळी सुटते आणि वराचा बळी जातो. त्यांचा हेतू खुनाचा नाही, परंतु मृत्यू त्यांच्यामुळेच झालेला आहे. ज्यूली योग्य माणसांपर्यंतच पोहोचते. मुलाच्या खऱ्या शिक्षिकेवर विनाकारण आळ येतो तेव्हा ती पोलिसांना कळवून तिची सुटकाही करते. अखेरीस तुरुंगात असलेल्या शेवटच्या पुरुषापर्यंत पोहोचण्यासाठी ती स्वतःला अटक होऊ देते.

या एका बदलाने कथेचा आशयच पालटतो. चित्रपटात शिक्षा अपराधाच्या प्रमाणात आहे काय, हा प्रश्न उरतो. म्हणजे आपण पुन्हा जुन्या सूडकथेच्या नैतिक प्रश्नाकडे येतो. ज्यूली निष्ठुर ठरते, पण तिचे ज्ञान अचूक असते. कादंबरीत मात्र दोषी आणि निर्दोष यांतील भेद ओळखण्याची तिची क्षमताच फसवी ठरते. चित्रपट पाहून प्रेक्षक सूडाविषयी अस्वस्थ होतो, तर कादंबरी वाचून वाचक स्वतःच्या खात्रीविषयी अस्वस्थ होतो.

वूलरिच यांनी ‘रॉन्देव्हू इन ब्लॅक’ (१९४८) या कादंबरीत हाच विषय पुन्हा हाताळला. विमानातून फेकलेल्या बाटलीमुळे जॉनी मार याच्या वाग्दत्त वधूचा ३१ मे रोजी मृत्यू होतो. बाटली एकानेच फेकलेली असते, परंतु जॉनी विमानातील सर्वच पुरुषांना दोषी धरतो. त्यांना न मारता तो त्यांच्या प्रिय स्त्रियांना ३१ मे या तारखेलाच लक्ष्य करतो. ज्यूली चुकीच्या माणसांना शिक्षा करते. जॉनी अपराधी आणि त्याचे सोबती यांच्यात भेद करणेच नाकारतो आणि शिक्षा अपराधाशी काहीही संबंध नसलेल्या स्त्रियांपर्यंत नेतो. आठ वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन कादंबऱ्या एकत्र वाचल्या असता सूडाचा विस्तार कसा होत जातो, हे दिसून येते.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

आपल्या अभ्यासक्रमांत गुन्हेकथेला बहुधा रंजनपर साहित्य म्हणून दुय्यम स्थान दिले जाते. भाषिक सौष्ठवाच्या निकषावर या साहित्यप्रकारातील पुष्कळसे लेखन कमी पडते, हे मान्य करावे लागेल. वूलरिच यांच्या कथानकांतही योगायोगांची रेलचेल आहे. ज्यूलीला प्रत्येक ठिकाणी इतक्या सहजपणे प्रवेश कसा मिळतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कादंबरीत सापडत नाही. परंतु पुरावा व समजूत, स्मृती व सत्य, न्याय व शिक्षा यांतील अंतर विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी ही कादंबरी प्रभावी साधन ठरू शकते. साहित्य, तर्कशास्त्र, मानसशास्त्र आणि विधी या चार विषयांच्या अध्यापकांना ती एकत्र आणू शकते.

या प्रश्नाचे महत्त्व साहित्यापुरते मर्यादित नाही. केवळ संशयावरून जमावाने एखाद्या वाटसरूला ठार मारल्याच्या घटना आपल्याही समाजात घडल्या आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला. कादंबरीतील एकाकी वधू आणि अफवेने बिथरलेला जमाव यांची तुलना सर्वांशाने करता येणार नाही. परंतु खात्रीलाच पुरावा मानण्याची प्रवृत्ती दोन्हीकडे सारखीच आहे आणि दोन्हीकडे सत्य पोहोचते ते उशिराच.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पारंपरिक सूडकथेत सूड योग्य की अयोग्य हा मुख्य प्रश्न असतो. ‘द ब्राइड वोअर ब्लॅक’मध्ये सूड घेणाऱ्याचे भूतकाळाविषयीचे ज्ञानच प्रश्नांकित होते.

२) कृती आधी आणि कारण शेवटी, या रचनेमुळे वाचकाची करुणा जागृत होताच तिचा आधार निखळतो. हा अनुभव कादंबरीच्या आशयाचाच भाग आहे.

३) प्रिय व्यक्तीच्या पूर्वायुष्याकडे पाहण्याची असमर्थता हे ज्यूलीच्या प्रमादाचे मूळ आहे. अपराधापेक्षा ही असमर्थता अधिक व्यापक मानवी दुर्बलता होय.

४) त्रुफो यांच्या चित्रपटाशी तुलना केली असता, हा प्रमाद काढून टाकल्यास कथेचे न्वार स्वरूप क्षीण होते, हे स्पष्ट होते.

हॅम्लेटने सूड घेण्यापूर्वी पुरावा मागितला म्हणून अनेक पिढ्यांनी त्याला दीर्घसूत्री ठरवले. ज्यूलीने पुरावा मागितला नाही. तिची तत्परता पाहिल्यावर हॅम्लेटच्या विलंबाकडे अधिक आदराने पाहावेसे वाटते.