स्थिर दिसणाऱ्या हाताची मेहनत

30 जुलै 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजीत, फ्रान्समधल्या शातोरू इथे, तुर्कीचा युसुफ दिकेच एक हात खिशात घालून नेम धरत उभा राहिला आणि त्याचे ते छायाचित्र जगभर फिरले. साधा टी-शर्ट, रोजचा चष्मा, वय 51 आणि 10 मीटर एअर पिस्तुलाच्या मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक. त्याच प्रकारात भारताच्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी दक्षिण कोरियाला 16-10 असे हरवून कांस्य मिळवले. छायाचित्र पाहून अनेकांचा समज झाला, की या खेळात शरीराला फारसे काम नाही, नजर शाबूत असली की झाले. मला वाटते, नेमके उलट आहे. एअर पिस्तूल हा आधी शरीराचा खेळ आहे आणि शरीराचे सारे कष्ट ते न हलल्यासारखे दिसावे यासाठीच खर्च होतात. तो खिशातला हातसुद्धा ऐटीसाठी नसतो. लोंबता हात धडाला डोलवतो, म्हणून नेमबाज तो कुठेतरी अडकवून ठेवतात.

लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर, छर्रा 4.5 मिलिमीटरचा आणि अंतर 10 मीटर. पिस्तुलाचे वजन दीड किलोपर्यंत चालते, पण ते एकाच हाताने, हात लांब करून पेलायचे. मनगटाला कसलाही आधार नको, त्या हातावर घड्याळदेखील चालत नाही. पात्रता फेरीत 75 मिनिटांत असे 60 नेम साधायचे असतात. इतक्या वेळात हात थरथरणारच. नाडीचा ठोका आणि श्वास थेट नळीपर्यंत पोचतात. मग दहा गुण मिळतात कसे? उत्तर साध्या भूमितीत आहे. हात सगळाच्या सगळा एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही जेमतेम मिलिमीटरभर चुकतो. पण मनगट किंचित वळून पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर दोन्ही साइटमधले अंतर 32 सेंटिमीटर धरल्यास छर्रा लक्ष्यावर तब्बल 31 मिलिमीटर भरकटतो आणि दहाचे सात होतात. म्हणून जाणता नेमबाज डोळा लक्ष्यावर नव्हे, पुढच्या साइटवर रोखतो. काळे वर्तुळ त्याला धूसर दिसते आणि ते तसेच दिसू द्यायचे असते.

खरी परीक्षा बोटाची. ट्रिगरला किमान 500 ग्रॅमचा दाब लागावा असा नियम आहे. हलती साइट मध्यावर आली की ‘आत्ताच!’ म्हणून बोट झटका देते आणि त्या झटक्यानेच मनगट वळते. हाताची थरथर मान्य करून बोटाचा दाब सावकाश वाढवत नेणे, आणि जमत नसेल तर छर्रा न सोडता पिस्तूल खाली घेणे, ही शिस्त अंगी बाणायला वर्षे जातात.

यावर कोणी म्हणेल, मग हा मनाचा खेळ झाला, शरीराचा कुठे? मला ही विभागणीच पटत नाही, आणि याचा पुरावा उत्तेजकांच्या यादीत सापडतो. बहुतेक खेळांत ताकद किंवा दम वाढवणाऱ्या औषधांची भीती असते. नेमबाजीत हृदयाचा वेग उतरवणाऱ्या बीटा ब्लॉकरवर बंदी आहे. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूने 50 मीटर पिस्तुलात रौप्य आणि 10 मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळवले होते. तपासणीत प्रोप्रानोलोल हे बीटा ब्लॉकर सापडले आणि दोन्ही पदके गेली. हृदयाचे ठोके आणि हाताचा कंप आटोक्यात आणणारी गोळी जिथे लबाडी ठरते, तिथे शरीराचा संबंध नाही असे म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप यंत्राचा. या पातळीवरची पिस्तुले शिकंज्यात घट्ट बसवली, तर छर्रा जवळपास एकाच भोकातून जातो. त्यामुळे अव्वल नेमबाजांमधला फरक पिस्तुलाने सहसा पडत नाही. यंत्र घात मात्र करू शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही: टोकियो ऑलिंपिकमध्ये मनूचे पिस्तूल पात्रता फेरीत बिघडले, मोलाचा वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.

नशिबाचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पॅरिसमध्ये वैयक्तिक पात्रता फेरीत सरबज्योत आणि आठवा आलेला जर्मन नेमबाज, दोघांचे 577 गुण होते. पाच मिलिमीटर व्यासाच्या आतल्या वर्तुळातले दहा त्या जर्मनाचे एकाने जास्त भरले, म्हणून सरबज्योत नववा ठरला आणि अंतिम फेरीला मुकला. पण या बारीक मोजणीला नशीब म्हणणे चूक आहे. साठ नेमांत मिलिमीटरचा हिशोब ठेवणे हेच तर इथले कौशल्य. मला खटकते ते वेगळे. 2013पासून पात्रता फेरीचे गुण पुसून अंतिम फेरी शून्यावरून सुरू होते. टोकियोत सौरभ चौधरी 586 गुणांसह पात्रता फेरीत पहिला होता, अंतिम फेरीत सातवा आला. दर नेमाला ठरावीक सेकंद आणि समोर गर्दी, अशा दडपणात तीच थरथर सांभाळणे हीसुद्धा परीक्षाच, हे मान्य. तरी साठ नेमांच्या मेहनतीचा थोडासा वाटा, निदान अर्धा गुण, अंतिम फेरीत सोबत न्यायला मिळाला, तर प्रेक्षकांची उत्कंठा कमी होणार नाही आणि नेमबाजावरचा अन्यायही टळेल.