ताम्रपट, बायबायिन आणि पिनपिन

फिलिपिन्समधला सर्वांत जुना ज्ञात लेख म्हणजे लागुना प्रांतातला ताम्रपट. त्यावरची तिथी मराठी वाचकाला परकी वाटू नये: शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार, म्हणजे इ. स. ९००. मजकूर चक्क कर्जमाफीचा! लिपी कावी, भाषा मुख्यतः जुनी मलय. स्थानिक तागालोग भाषेच्या खुणा मधूनमधून.

तागालोगची स्वतःची लिपी बायबायिन. ३ स्वर, १४ व्यंजने. शब्दाअखेरचे व्यंजन लिहीतच नसत. वाचणाऱ्याने संदर्भाने ताडायचे. स्पॅनिश मिशनऱ्यांना हे खटकले. १६२० मध्ये फ्रान्सिस्को लोपेझ यांनी इलोकानो भाषेच्या पुस्तकात त्यासाठी क्रुसाच्या आकाराचे चिन्ह योजले, पण स्थानिकांत ते रुजले नाही.

‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ (मनिला, १५९३) हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे पुस्तक लाकडी ठशांवर छापले गेले. तागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत. मिशनरी ब्लांकास दे सान होसे यांचे तागालोग व्याकरण १६१० चे. ते छापणारा तोमास पिनपिन स्वतः तागालोग. त्याने त्याच वर्षी उलटी वाट धरली आणि आपल्या लोकांना स्पॅनिश शिकवणारे पुस्तक लिहिले. सान बुएनाव्हेंतुरा यांचा स्पॅनिश-तागालोग कोश आला १६१३ मध्ये. तुलनेसाठी आपल्याकडे पाहिले तर गोव्यात फादर स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण छापले गेले ते १६४० साली.