घरातलं विज्ञान : पिन बसली, दाब जुळला का?

अमेरिकेहून आलेल्या हेअर ड्रायरच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, म्हणून आपण अडॅप्टर लावतो. पण तो फक्त पिनांचा आकार जुळवतो, विजेचा दाब नाही. तिकडे दाब १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०.

टाकी उंच नेली की नळाची धार वाढते. तसाच ड्रायरच्या तारेतून जवळपास दुप्पट प्रवाह धावतो, उष्णता मात्र जवळजवळ चौपट होते. तार जळते.

मोबाइलचे बहुतेक चार्जर दोन्ही दाबांना जुळवून घेतात. तरी पाठीवरची बारीक अक्षरं वाचाच. ‘इनपुट १००-२४० व्होल्ट’ असेल तर चालेल. नुसतं ‘१२०’ असेल तर लावू नका. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टरही नको. अर्थिंग तुटतं आणि शॉकपासूनचं संरक्षण जातं.