व्लॉगसाठी कॅमेरा घेताना

● पडदा: पुढे वळणारा हवा, म्हणजे बोलताना आपण चौकटीत आहोत का ते दिसते.

● भिंग: हात लांब करून स्वतःला टिपायचे तर फुल-फ्रेमशी समतुल्य २० ते २४ मिमी नाभीय अंतराचे रुंद भिंग लागते. सोनी झेडव्ही-१एफ (२०२२) २० मिमीचा, वजन २५६ ग्रॅम.

● सेन्सर: अशा कॅमेऱ्यांतल्या सेन्सरचे ‘एक इंची’ हे केवळ नाव, प्रत्यक्ष माप १३.२ × ८.८ मिमी. तरीही बहुतेक फोनच्या सेन्सरपेक्षा मोठा, म्हणून संध्याकाळच्या उजेडात चित्र स्वच्छ येते.

● स्थिरता: चालत बोलणाऱ्यांसाठी गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा आधार) उत्तम. डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ (२०२३) मध्ये तो अंगचाच आहे. वजन १७९ ग्रॅम.

● आवाज: माइकची जोडणी आहे ना, हे आधी पाहा. थोडे धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतात, न कळणारे बोलणे नाही.

● कार्ड: १०० एमबीपीएस वेगाच्या फोर-के चित्रणाला मिनिटाला सुमारे ७५० एमबी लागतात. व्ही३० खुणेचे कार्ड घ्या.

● दिवे: आपली वीज ५० हर्ट्झची. घरात २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवले की दिव्यांची लुकलुक टळते.

पैसे मोजकेच असतील तर हातातला फोन, कॉलर माइक आणि छोटा ट्रायपॉड यांपासून सुरुवात करा. कॅमेरा नंतरही घेता येतो. बोलण्याचा सराव आजच सुरू व्हायला हवा.